बाबा, वारी मोडू नका

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा आळंदीला निघायच्या आत हातात पडावं म्हणून हे कुरियरनं पाठवतेय. फोनवर दोनदा विषय काढणार होते, दोन्ही वेळा आईनं "जेवलीस का?" विचारलं आणि पुढचं तोंडातच राहिलं.

सांगूनच टाकते. तुमच्या जावयाला मी माझी किडनी देतेय. तारीखही ठरलीय. तीन महिने "ऑडिट आहे, येता येत नाही" म्हणत होते ना, त्या माझ्या तपासण्या होत्या. खोटं बोलले. रागवायचं ते नंतर रागवा.

आई, "बायकोनंच का?" हे तू म्हणणारच. दवाखान्यातल्या बाकावर बसलं की मलाही तेच दिसतं, देणाऱ्या बहुतेक बायकाच. पण सासूबाईंना साखर, भावजींचा रक्तगट जुळत नाही, माझा ओ पॉझिटिव्ह. मला कुणी गळ घातलेली नाही. 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदाच आहे तसा. मला एकटीला बसवून, कॅमेरा लावून हेच उलटसुलट विचारलं. लग्नाचा फोटोही मागितला. बाबांचा फेटा तिरका झालेला तोच दिला.

आणि खरं सांगू? आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, वर पाणी मोजून. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि मी चोरासारखी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचे. रात्री त्याच्या मनगटावर हात ठेवला की कातडीखाली फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली ती शीर, थरथरतो, मांजर गुरगुरतं तसा. दोन वर्षं तो हात धरून झोपतेय.

माझी काळजी नको. डावी घेणार, तिची शीर लांब असते म्हणून. दुर्बिणीतून करतात, सगळं ठीक असलं तर चार-पाच दिवसांत घरी. उरलेली हळूहळू थोडी मोठी होते आणि काम उचलते. त्याच्या जुन्या दोन्ही आतच ठेवणार, नवी खाली पोटात बसवणार. म्हणजे त्याला तीन, मला एक. हसा जरा. पोळ्यांना मावशी लावल्यात, कपड्यांना मशीन आहे, दोन महिने मी भरला कुकरसुद्धा उचलणार नाही.

एवढं सगळं माहीत असूनही झोप लागत नव्हती. बसवलेली किडनी किती वर्षं चालेल, असं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सरासरी सांगता येते, तुमची नाही." "देवावर सोड" म्हणणाऱ्यांचा तर मला रागच यायचा. यांचं काय जातंय सोडायला!

मग एका रात्री वारीतला तरडगावचा पालखीतळ आठवला. चौथीतली मी, तुमच्यापासून चुकलेली, त्या अनोळखी आजीचं बोट धरून रडत उभी. समाजआरतीला चोपदारांनी हातातला दंड, तो चोप, उंच केला आणि सगळे टाळ एकदम गप्प झाले. एकीकडून मात्र एकाच दिंडीचा वाजत राहिला. तक्रार असेल त्या दिंडीनं टाळ थांबवायचा नसतो, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मला एवढंच कळलं की हा आपला, तो फुटका वाजणारा. बाबा, तुम्ही नंतर आलात. माझं रडं त्याआधीच थांबलं होतं.

हल्ली दिवा लावून तशीच बसते. काही मागत नाही, नुसती कान देऊन बसते. बहुतेक वेळा फ्रिजचाच आवाज येतो. तरी अंथरुणावर पडलं की झोप लागते आता.

तर आता ऐका. आई, तू दादाबरोबर ये, पण नवस बोलू नकोस आणि नवा उपास तर मुळीच धरायचा नाही. तुझ्या साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत, किती वेळा सांगायचं! बाबा, तुम्ही येऊ नका. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून तुमचं बीपी वाढणार आणि मग मी कुणाकडे बघू? नको म्हणतेय ते तुम्ही नको आहात म्हणून नाही हो. वारी मोडू नका, एवढंच. पण दिवे घाट दिंडीच्या ट्रकमधून चढायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्याची परीक्षा घ्यायची नाही. पट्टा बांधा, फोन चार्ज ठेवा.

माझं ऑपरेशन आहे त्या दिवशी पालखी तरडगावातच असेल, मी बघितलंय. संध्याकाळी चोप वर झाला की तुमचा टाळ जरा उशिरा थांबवा. विणेकरी काय म्हणतील ते म्हणू देत.

तुमची,
चिंगी

ता. क. आई, लोणचं आणू नकोस. त्याला मीठ मोजून असतं, आणि बरणी दिसली की तो ऐकत नाही.