विषय: एक्सटर्नल एसएसडीच्या खोक्यात चुकीची केबल दिल्याबद्दल आणि तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

नौपाडा, ठाणे (प.)
११ सप्टेंबर २०२५

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला बसलो. ९ ऑगस्टला ठाण्यातल्या एका दुकानातून मी तुमची १ टीबीची एक्सटर्नल एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची, न फिरणारी जलद डिस्क, ८,४९९ रुपयांना घेतली. तेव्हापासून चार फोन झाले आणि वाशीच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरला एक खेप झाली. दोष कुठे आहे ते शेवटी मीच शोधलं. तो मान्य करायला तुमच्याकडे कोणी तयार नाही.

दोष आधी सांगतो. खोक्यावर तुम्ही 'सेकंदाला १,०५० एमबी' असं ठळक छापलं आहे आणि आत केबल घातली आहे ती यूएसबी २ ची, म्हणजे जुन्या, सावकाश प्रकारची. त्या केबलमधून सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, हीच कागदावरची कमाल. माझ्याकडे प्रत्यक्षात ३८ मिळाले. ही डिस्क तुम्हीच बनवता, तेव्हा याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

माझा धंदा अक्षरजुळणीचा. तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवले, १९९२ पासून कॉम्प्युटरवर पानं लावतो आहे. माझा आयमॅक, म्हणजे पडद्यातच सगळं बसवलेला ॲपलचा कॉम्प्युटर, २०१७ चा, २१.५ इंची. त्याच्या आतली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची, सुरू व्हायला तीन मिनिटं घेणारी. ती बदलायची तर चिकटवलेला पडदा उचकटावा लागतो, ती जोखीम मला नको होती. म्हणून बाहेरून एसएसडी लावून तिच्यावरून मशीन सुरू करायचं ठरवलं. डिस्क मॅकला लागणाऱ्या जीयूआयडी पार्टिशन मॅप आणि एपीएफएस या मांडणीत फॉरमॅट केली, मॅकची व्हेंच्युरा ही प्रणाली टाकली, मशीन जिच्यावरून सुरू होतं ती स्टार्टअप डिस्क म्हणून तिला निवडली. सगळं रीतसर केलं. मशीन सुरू व्हायला लागली ४ मिनिटं २० सेकंदं. आठ वर्षं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा तुमची नवी एसएसडी सावकाश निघाली.

१८ ऑगस्टच्या पहिल्या फोनवर मला कमांड-ऑप्शन-पी-आर दाबून एनव्हीरॅम, म्हणजे मशीन बंद असतानाही काही सेटिंग जपणारी छोटी मेमरी, रिसेट करायला सांगितलं. मी केलं. स्टार्टअप डिस्कची निवड त्या एनव्हीरॅममध्येच साठवलेली असते, ती पुसली गेली आणि मशीन परत जुन्या हार्ड डिस्कवरून सुरू झालं. ती निवड पुन्हा करावी लागेल, एवढं एक वाक्य तुमच्या माणसाने सांगितलं नाही. माझी सबंध संध्याकाळ त्यात गेली. २२ तारखेला दुसऱ्या बाईंनी टी-२ या ॲपलच्या सुरक्षा चिपच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरच्या डिस्कला परवानगी द्या म्हणून सांगितलं. माझ्या आयमॅकमध्ये ती चिप नाही. मी मॉडेल आणि साल दोन्ही सांगितलं होतं. शिवाय परवानगी नसती तर मशीन त्या डिस्कवरून सुरूच झालं नसतं. माझी तक्रार ते सावकाश सुरू होतं ही होती.

मग १ सप्टेंबरला गणपतीच्या गर्दीत ट्रान्सहार्बरने वाशीला गेलो. काउंटरवरच्या मुलाने डिस्क घेतली, माझी केबल काढून बाजूला ठेवली, काउंटरवर आधीच लावलेली त्यांची केबल जोडली आणि एक मोठी फाइल कॉपी केली. झर्रकन झाली. 'दोष आढळला नाही' असा शिक्का मारलेली पावती मला दिली. ज्या केबलने डिस्क मला विकली तिच्यावर ती तपासलीच नाही. माझ्या हे लक्षात आलं ते परतीच्या गाडीत, कोपरखैरणे सोडल्यावर. तीच डिस्क तिथे पळते आणि माझ्या घरी रांगते, तर दोन्ही ठिकाणी वेगळं काय होतं? मशीन वेगळं होतं आणि केबल वेगळी होती. मशीन मी बदलू शकत नव्हतो, केबल बदलू शकत होतो.

घरी येऊन मॅकमधलं सिस्टिम इन्फर्मेशन, म्हणजे जोडलेल्या वस्तूंची माहिती दाखवणारं पान, उघडलं. यूएसबीच्या यादीत तुमच्या डिस्कसमोर वेग लिहिला होता: ४८० मेगाबिट. त्याचा फोटो काढून ठेवला. मग प्रुफं तपासायचं माझं भिंग घेतलं आणि केबलच्या चौकोनी टोकात पाहिलं. यूएसबी ३ च्या टोकात पुढे चार आणि त्यांच्या मागे पाच अशा नऊ पट्ट्या असतात. तुमच्या केबलमध्ये पुढच्या चारच आहेत. मागच्या पाच पट्ट्यांची जागा कोरी आहे. जलद वेगाचे सिग्नल ज्या तारांमधून जातात त्या तारा या केबलमध्ये घातलेल्याच नाहीत. याला सेटिंग नाही, रिसेट नाही, फॉरमॅट नाही. चाळीस वर्षं अक्षरं भिंगाखाली पाहणाऱ्या माणसाला पट्ट्या मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी गोखले रोडवरून यूएसबी ३ ची केबल आणली, ६९० रुपये, बिल आहे. डिस्क तीच ठेवली, मशीन तेच, केबल लावायचं मागचं भोकसुद्धा तेच. फक्त केबल बदलली. यादीत ५ गिगाबिट दिसलं. सेकंदाला वाचन ४२० एमबीच्या पुढे गेलं. मशीन ५१ सेकंदांत सुरू झालं. तीनदा बंद करून तीनदा घड्याळ लावलं आणि मग पुन्हा तुमची केबल जोडली: ४ मिनिटं १८ सेकंदं.

हे सगळं ४ सप्टेंबरला तिसऱ्या फोनवर सांगितलं. उत्तर मिळालं, डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट करून बघा. एक्सफॅटवरून मॅक सुरूच होत नाही. त्यात त्या डिस्कवर दोन दिवाळी अंकांची जुळवलेली पानं आहेत. फॉरमॅट केलं की डिस्क पुसली जाते; मी ऐकलं असतं तर ती सगळी गेली असती. लेखकांची, संपादकांची, माझी, सगळ्यांची मेहनत एका वाक्यात पुसायला सांगितली, आणि आधी बॅकअप घ्या असंही म्हटलं नाही.

आता आजचा फोन. तो मी सविस्तर लिहिणार आहे, कारण कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. रेकॉर्डिंग काढा आणि पडताळून पाहा. मी तक्रार क्रमांक दिला आणि म्हणालो, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये तुमच्या केबलवर ४८० मेगाबिट दाखवतंय. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "काका, ते तुमच्या वायफायचं स्पीड असेल." मी म्हणालो, वायफायचा इथे संबंध नाही, मी यूएसबीचं पान वाचतोय. तो म्हणाला, "काका, एसएसडी फास्टच असते. तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय." मी सांगितलं की त्याच जुन्या कॉम्प्युटरवर तीच एसएसडी दुसऱ्या केबलने ५१ सेकंदांत सुरू होते. तो जरा थांबला. मला वाटलं, आता लिहून घेतोय. मग म्हणाला, "काका, घरात कोणी यंग आहे का? मुलगा, सून, नातू? त्यांच्याकडे फोन देता का, म्हणजे पटकन सॉल्व्ह होईल."

मी म्हणालो, मी तेहतीस वर्षं कॉम्प्युटरवरच पोट भरतो आहे. त्यावर तो म्हणाला, "हो ना काका, म्हणूनच. तुम्हाला जुन्याची सवय आहे. नवीन गोष्टी शिकायला वेळ लागतो. थोडा पेशन्स ठेवा." आणि मला होल्डवर टाकलं. बाजूला बायको उभी होती, फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं. तिने काही न बोलता पंख्याचा वेग वाढवला. अकरा मिनिटं गाणं ऐकलं. फोन कानाला असतानाच मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. पाठोपाठ दुसरा: आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मग फोन कट झाला.

त्या मुलाला शिक्षा व्हावी असं मला अजिबात वाटत नाही, हे नीट नोंदवून घ्या. माझी भाची ऐरोलीला अशाच कामाला आहे. कामाची पाळी संपवून घरी येते तेव्हा तिचे कान लाल झालेले असतात. तो मुलगा समोरच्या कागदावर लिहिलेलं वाचत होता. त्या कागदावर केबलचा उल्लेख का नाही, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे. बाहेरची डिस्क सावकाश चालत असेल तर आधी केबल आणि भोक तपासायचं, ही पहिली पायरी आहे. ती चार फोनांत एकानेही विचारली नाही. ती जर तुमच्या कागदात नसेल तर तुमची ग्राहक सेवा तुमचाच माल ओळखत नाही. आणि तो कागद ज्याने लिहिला त्याला साठीच्या माणसाकडून फोन काढून नातवाला द्यायला सांगणं योग्य वाटतं का, हेही सांगा.

मला याची खंत दुसऱ्या कारणाने जास्त आहे. मी भिंग घेऊन बसलो म्हणून मला कळलं. शेजारच्या ज्या गृहस्थाने माझं बघून हीच डिस्क घेतली, तो ती फक्त फोटो ठेवायला वापरतो. त्याला वाटतं, एवढाच वेग असतो. मी त्याची केबल पाहिली. चारच पट्ट्या. म्हणजे चूक माझ्या एका खोक्यापुरती नाही. किती घरांत ही डिस्क अशी रांगत असेल आणि लोक आपल्याच कॉम्प्युटरला जुना म्हणून दोष देत असतील, याचा विचार करा. यापूर्वी तुमचे दोन पेनड्राइव्ह मी वर्षानुवर्षं विनातक्रार वापरले. म्हणूनच दुकानदाराने दुसरी कंपनी सुचवली तरी हीच मागितली. आता कोणी विचारलं तर मी तुमचं नाव सुचवणार नाही.

मला हवं ते असं. खोक्यावरच्या वेगाला पुरी पडेल अशी केबल माझ्या पत्त्यावर पाठवा आणि ६९० रुपये परत करा. शेजाऱ्यांनाही तशीच केबल द्या. निराकरण झालं म्हणून बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. आणि या मालाच्या किती खोक्यांत ही केबल गेली, ते तपासून मला लेखी कळवा, तुमच्या तांत्रिक विभागातल्या माणसाच्या सहीने.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्कही नाही. दाव्यात तुमच्या खोक्यावरच्या १,०५० या आकड्याबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात हा मुद्दा असेल आणि आजच्या फोनबद्दल सेवेतील त्रुटी हा मुद्दा असेल. दिवाळी अंकांची पानं छापखान्यात जायची आहेत, माझ्याकडे वेळ नाही, तरीही जाईन.

बिलांच्या प्रती, वाशीच्या पावतीची प्रत, ४८० आणि ५ गिगाबिट दाखवणारे दोन्ही फोटो आणि भिंगातून काढलेला टोकाचा फोटो सोबत जोडला आहे. मूळ केबल मी पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवली आहे. ती न्यायला माणूस पाठवलात तर लेखी पोच घेतल्याशिवाय देणार नाही.

आपला ग्राहक,
(सही)