मातीसच्या भिंतीवरची ठिगळं

प्रिय सुध्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, हे मला कळतं. बीपीची गोळी चालू आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी ठीक. शिव्या भेटल्यावर घाल. आज लिहितोय ते हार कबूल करायला. आफ्रिकन कापडावरचे तुकडे म्हणजे कलाकाराचं आकारभान की नुसती ठिगळं, या भांडणात तू बरोबर होतास. तेव्हाची पैज चार कटिंगची होती, व्याज मागू नकोस.

झालंय असं, की वर्गातल्या मुलांसाठी फ्रेंच चित्रकार मातीसवर, 'मातीसवर आफ्रिकेचा प्रभाव' असं दोन पानी टिपण लिहायला घेतलं. पहिलं पान तर पाठच आहे. 1906 चा शरद, पॅरिसमधल्या र्‍यू द रेनवरचं हेमनचं दुकान, 50 फ्रँकांना घेतलेली काँगोतल्या विली लोकांची छोटी बसलेली लाकडी मूर्ती, तीच अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या घरी पिकासोच्या हातात. युरोपातला शिल्पकार स्नायूंपासून सुरुवात करतो, इथं मात्र करणाऱ्यानं लाकूड पाहून प्रतलं आणि प्रमाणं स्वतः ठरवली आहेत, हे मातीसला भावलं. पुढं 1907 चं 'निळी नग्ना'. आडव्या बाईचं मातीचं शिल्प करताना ते पडून मोडलं, तेव्हा त्यानं तीच बाई कॅनव्हासवर घेतली. म्हणून त्या चित्रातली कंबर आणि नितंब रंगवल्यासारखे वाटत नाहीत, थापल्यासारखे वाटतात. पण उपशीर्षक बघ: 'बिस्क्राची आठवण'. म्हणजे 1906 च्या अल्जीरियाच्या प्रवासाची. एकाच चित्रात वाळवंटातलं ओअॅसिस, पडलेली माती आणि मूर्तीची प्रमाणं. यातलं 'प्रभाव' कुठल्याला म्हणायचं? तिथंच पेन अडलं ते अडलं.

'प्रभाव' म्हटलं की डावीकडून उजवीकडे एक बाण निघतो. डावीकडे नाव नसलेला कारागीर, उजवीकडे मातीस. मी वीस वर्षं तो बाण फळ्यावर काढला, आणि तोही कायम आफ्रिकन मुखवट्यापासून. रशियातल्या हर्मिताज संग्रहालयातलं 1913 चं मादाम मातीस, त्याच्या बायकोचं चित्र, आठव: शंभरावर बैठका, आणि शेवटी राखाडी चेहरा नि रिकामे डोळे. तू म्हणायचास, 'मुखवटे सोड, कापड बघ.' मी म्हणायचो, इचलकरंजीवाल्याला कापडापलीकडे दिसतं काय?

तर कापड बघितलं. दक्षिण फ्रान्समधल्या वांसच्या 'ल रेव्ह' घरात मातीस 1943 ते 1949 राहिला. तिथल्या भिंतीचा फोटो तुला ठाऊक आहे: काँगोतल्या कुबा लोकांची राफिया कापडं ओळीनं टांगलेली. कासाई आणि सांकुरू नद्यांमधला हा मुलूख. आता तुझ्या भाषेत सांगतो. राफिया ताडाच्या कोवळ्या पात्यातून तंतू सोलतात. तंतूला तंतू गाठून लांबवत नाहीत, म्हणून कापड पात्याच्या लांबीइतकंच, मीटरभराच्या आत-बाहेर. विणतात पुरुष, भरतात बाया. मखमलीसारख्या कापडासाठी बाई सुईनं तंतू एक-दोन धाग्यांखालून काढते आणि दोन-तीन मिलिमीटर लव ठेवून सुरीनं कापते. गाठ नाही. वीण घट्ट म्हणून लव टिकते. वीण सैल असेल तर सगळं गळून पडेल. आधी आखणीही नाही. नक्षी डोक्यात असते, म्हणून चौकटी चालता चालता मध्येच वळतात, आणि आपण त्याला 'लय' म्हणून मोकळे होतो.

आता ठिगळं. नेसायची लांब कापडं वेगळी, पट्ट्या जोडून केलेली. मागावरून उतरलेलं राफिया ताठ असतं, म्हणून ते कांडून मऊ करतात. कांडताना भोकं पडतात. भोकांवर तुकडे शिवतात. मग चांगल्या जागीही तुकडे शिवू लागले, कारण ते छान दिसतात. मी स्लाइडवर ज्याला 'अवकाशातलं धाडसी आकारभान' म्हणत होतो, ते तू मागच्या बाकावरून 'ठिगळं!' या एका शब्दात निकालात काढलं होतंस. सगळा वर्ग हसला होता. तेव्हा मला फार लागलं होतं, खरं सांगतो.

आणि गंमत म्हणजे मातीससुद्धा तुमच्यातलाच. तो वाढला ते बोहाँ विणकरांचं गाव, घराणं विणकरांचं. 1941 च्या ऑपरेशननंतर उभं राहणं कठीण झालं, तेव्हा मदतनीस मुली पांढऱ्या कागदाला ग्वाश (अपारदर्शक जलरंग) लावून वाळवायच्या, तो कात्रीनं थेट रंगातच कापायचा, मुली तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायच्या, तो सांगेल तसे सरकवायच्या. 1952 च्या निळ्या नग्नांपैकी चौथीला दोन आठवडे लागले. तिच्यात जोडलेले बारके तुकडे उघड दिसतात. ठिगळंच की. (काही गुलाबी-जांभळे ग्वाश उजेडात उडतात, म्हणून आज दिसतो तो रंग त्यानं लावलेलाच असेल असं नाही. हे मुलांना नक्की सांगणार.)

पण इथंच मी पुन्हा घसरतोय. कुबा कापडापासून कात्रीपर्यंत नवा बाण काढला, तर मुखवट्याच्या जागी कापड, चूक तीच. ही कात्री ऑपरेशनमुळे आली, 1930 च्या ताहिती बेटाच्या प्रवासातून आली, का बोहाँमधून? कापडं बघत तो तासन्तास बसायचा, एवढं त्यानंच लिहून ठेवलंय. त्यापुढचं वाक्य मी कसं लिहू? आणि ती भरणारी बाई? तिनं कुणावर 'प्रभाव' टाकायला सुई धरली नव्हती.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरगी पुण्याला जाणार होती, गेली का? नवे माग घेतलेस असं ऐकलं, कर्जाचं बघून घे.

शीर्षकातून 'प्रभाव' काढून सध्या 'मातीसच्या भिंतीवर' एवढंच ठेवलंय. दुसरं पान कोरं आहे. एक काम कर: घट्ट विणीचं जाड सुती कापड हातभर पाठव. तरट नको, त्यात लव धरणार नाही. राफियाऐवजी अंबाडीचा तंतू सुईत नीट ओवला जाईल, की मध्येच फाटेल? मुलांच्या हातात द्यायचाय, म्हणून आधी तूच चार टाके घालून बघ आणि कळव.

तुझा,
विन्या