मासी, तुमचं नाव लिहीत नाही

मासी,

"नाव छापलंस तर पुढच्या लग्नात माझ्या थाळाला कुणी बसणार नाही," असं तुम्ही हसत म्हणाला होतात. थाळ म्हणजे आमचं एकाच मोठ्या ताटाभोवती बसून जेवणं. म्हणून नुसतं मासी. आमच्या बोहरा वाचकांना तेवढ्यावरून शंभर मास्या आठवतील, तेच बरं.

लहान मुलींच्या खतनाबद्दल, म्हणजे त्या नाजूक जागेची कातडी कापण्याबद्दल, बायकांशी नुसतं बोलायलाही पैसे लागतात हे हिशेब मांडल्यावर कळलं. खोलीचं भाडं, डॉक्टरबाईंची फी, रिक्षा, चहा-नानखटाई. आधी एका मोठ्या देणगीदार संस्थेकडे गेले. त्यांना नोंदणी क्रमांक हवा, फोटो हवेत, आलेल्या प्रत्येकीची सही आणि मोबाइल नंबर हवा. जिने हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, ती सही करणार? महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, खरंय. पण थाळाला शेजारी कुणी बसलं नाही म्हणून पोलिसांत कोण जातं!

तुमच्याकडे पैशांसाठीचा अर्ज तोंडी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. थाळाभोवती तुम्ही पाच जणी, पाचही जणींनी लहानपणी हे सोसलेलं. आधी जेवणापूर्वी चाखायचं मीठ फिरलं, मग प्रश्न. फोटोचं कुणी काढलं नाही. तुम्ही विचारलंत, "सासवांना का नाही बोलावत? सुनेला कळून काय उपयोग? नातीचा हात धरून नेणारी दुसरीच असते." मी गप्प. मलाही आजीनेच नेलं होतं, आइस्क्रीम देते म्हणून. माझा सगळा बेत तिथेच बदलला. मग तुमच्या पैशांच्या डब्यातून मोजून नऊ हजार दिलेत, अर्ध्या नोटा दहा-वीसच्या. पावती मागितलीत ती फक्त खोलीची.

२०१७मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं, या प्रथेची अधिकृत आकडेवारीच नाही. त्याच वर्षी या प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या 'सहियो' संस्थेने ३८५ बोहरा बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ८० टक्के जणींचं खतना झालेलं. २०१८मध्ये खतनाविरुद्धचं ते प्रकरण घटनापीठाकडे गेलं. निकाल लागेल तेव्हा लागेल, शाळेला सुट्टी मात्र दरवर्षी लागते आणि आज्या तेव्हाच मुलींना नेतात.

बैठकीला अकरा सासवा आल्या. डॉक्टरबाईंनी फळ्यावर त्या जागेचं चित्र काढलं, नाव सांगितलं, काम सांगितलं. सत्तरीच्या एक बाई म्हणाल्या, "ती तर हरामनी बोटी, पापाचा तुकडा. नखाएवढी." डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोळ्यातली बाहुलीही नखाएवढीच असते." बाईंनी अंगावरच्या रिदाची झालर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. चहा न घेताच गेल्या. मला वाटलं, झालं, आता गावभर बोभाटा.

परवा त्यांचाच फोन आला. खतनाचा शब्द नाही. "पुढची बैठक कधी? नणंदेला आणायचंय. तिचे गुडघे गेलेत, रिक्षाचे पैसे मिळतील ना?"

मी हो म्हणून बसलेय. मासी, डब्यात काही उरलंय का?

तुमची,
थाळाला शेवटी बसलेली