चोरट्या सिगारींना आवर घाला

महोदय,
पुणे कॅम्पात माझं सिगारचं छोटं दुकान आहे. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यात बुरशी धरते, एप्रिलात वरचं पान तडकतं. म्हणून सकाळी कुलूप काढलं की आधी सीडरच्या लाकडी पेटीतला आर्द्रतेचा काटा बघतो, मग उदबत्ती लावतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकू नये, हा २००३चा कायदा. तो मी पाळतो; मिसरूड न फुटलेल्या गिऱ्हाइकाला वयाचा पुरावा मागतो. पण जवळच्याच गल्लीत बिलाविना, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर लागणाऱ्या चित्र-इशाऱ्याविना आलेली सिगार निम्म्या भावात शाळकरी पोरांच्या हाती पडते. ते बघून जीव तुटतो. तपासणी त्या गल्लीतही व्हावी.

– एक दुकानदार, पुणे