रविवारच्या पठणाची आठवण

सभासदहो, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, नौपाड्यात नेहमीच्या जागी. या वेळी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १९१वं, म्हणजे अगदी शेवटचं सूक्त घेणार आहोत. ऋचा चारच. पहिली अग्नीची, पुढच्या तिन्ही एकीच्या: ‘सं गच्छध्वं सं वदध्वं’, एकत्र चला, एकत्र बोला. शेवटच्या दोन ऋचांत समानो, समानी, समानं, समाना अशी रांगच आहे. मागच्या खेपेला निम्मे जण तिथेच ओळ चुकले. (एकीचं सूक्त आणि सूर सात!) म्हणून कागद मोठ्या अक्षरांत छापलाय, तरी चष्मा आणाच. शेवटी पसायदान. ‘भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें’ला घाई नको. तलावपाळीला गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने या. चहा आहे.