यात्रेतल्या लाईटच्या खेळण्यांना स्क्रू हवाच

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सारंगखेड्याची यात्रा असो की अमळनेरची, अंधार पडला की लुकलुकणाऱ्या अंगठ्या, शिंगंवाले हेअरबँड, लाईटचे भोवरे सगळीकडे. लेकरू हट्ट धरतं, आपण घेऊन देतो, त्यात वाईट काहीच नाही, पण पैसे देण्याआधी ते खेळणं एकदा उलटं करून बघा. कितीतरी खेळण्यांच्या झाकणाला स्क्रूच नसतो, नख लावलं की झाकण निघतं आणि आतला चकचकीत बटन सेल टपकन तळहातावर येतो. दोन वर्षाचं पोरगं तो सरळ तोंडात घालणार.

लोकांना वाटतं सेल फुटला तरच धोका. तसं नाहीये. सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागेतून करंट वाहायला लागतो आणि निगेटिव्ह बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो, दोन तासातच आतून गंभीर भाजू शकतं. सगळ्यात वाईट म्हणजे लिथियमचा CR2032, वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये, शुगर तपासायच्या मशीनमध्ये असतो तोच. 20 मिमी रुंद, 3.2 मिमी जाड, 3 व्होल्टचा, म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्या दुप्पट, आणि साधारण नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा असल्यामुळे लहान पोराच्या घशाखाली बरोबर अडकतो. मशीन चालेनासं झालं म्हणून सेल काढून खिडकीत ठेवतो ना आपण, त्यातही इजा करण्याइतका करंट शिल्लक असतो. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि लेकरांच्या हाताला येणार नाही तिथं ठेवा.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट बघत बसू नका, उलटी करवू नका, केळं-भाकरी तर अजिबात खाऊ घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. एक वर्षावरचं मूल असेल, गिळता येत असेल आणि 12 तास झाले नसतील तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा, त्याने भाजणं कमी होतं. पण मध शोधायला थांबायचं नाही आणि मध म्हणजे इलाज नाही, सेल काढावाच लागतो. डॉक्टरांना "नाणं नाही, सेल असू शकतो" हे आधी सांगा कारण एक्स-रेत दोन्ही गोल दिसतात, सेलची कड नीट बघितली तर दुहेरी असते. धडगाव, मोलगीकडच्या माणसाला घाट उतरून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंतच ते दोन तास निघून जातात, म्हणून पहिल्यांदा दिसतील त्या डॉक्टरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

1 जानेवारी 2021 पासून देशात खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मग यात्रेत हा माल उघड विकला जातो कसा? यात्रा कमिटी आणि नगरपालिकेला विनंती आहे, स्टॉलची पावती फाडताना एका माणसाने स्क्रू आणि मार्क बघावा आणि नसेल तर तो माल मांडूच देऊ नये.

एक वाचक, ता. शहादा, जि. नंदुरबार