पिस्तुलाला उगाच बोल

मा. संपादक,

तुमच्या क्रीडा पानावर नेमबाजी म्हणलं की पदकं आणि पिस्तुलांचं कौतुक येतं, पण मॅगझीनबद्दल, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरून बसवायच्या डबीबद्दल, कोणी अवाक्षर काढत नाही म्हणून लिहितोय.

माझं नऊ एमएमचं पिस्तूल मधेच अडकायला लागलं, शेवटची एखादी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जायच्या ऐवजी नाक खाली करून तिच्या तोंडाशी असलेल्या उतारावर (रॅम्पवर) आपटायची. पिस्तूल दोनदा खोलून साफ केलं, गोळ्या बदलल्या, रिकॉइल स्प्रिंगपण नवीन टाकली, ढिम्म फरक नाही. शेवटी रेंजवरचे एक जुने शूटर म्हणाले, अरे आधी मॅगझीनच्या बुडावर नंबर टाक. नेलपॉलिशने १ ते ४ आकडे काढले आणि तासाभरात चोर सापडला, तीन नंबर, दुसऱ्याच कंपनीचं स्वस्तातलं. ओरिजिनलच्या शेजारी धरलं तर त्याच्या लिप्स, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन दुमडलेल्या कडा, किंचित फाकलेल्या. डोळ्याला जेमतेम कळेल इतक्याच, पण तेवढ्याने गोळीचा कोन बदलतो.

आता लगेच 'बाहेरचं सगळं भंगार' म्हणणारे येतील, तर तसंही नाहीये. इटलीची मेक-गार कंपनी बऱ्याच नामवंत पिस्तूल कंपन्यांनाच मॅगझीन पुरवते, मग बाहेरचं कुठलं आणि घरचं कुठलं? उलट इराकच्या वाळूत अमेरिकन सैन्याच्या एम ९ पिस्तुलाची बोंब झाली तेव्हा मॅगझीन सरकारी कंत्राटातलीच होती, त्यांच्या खरखरीत फॉस्फेट लेपात बारीक वाळू धरायची आणि फॉलोअर, म्हणजे आतून गोळ्या वर ढकलणारा तुकडा, वर सरकायचाच नाही.

मला खरी चीड येते ती मॅगझीनच्या बुडाला एक्स्टेन्शन लावून दोन-तीन गोळ्या वाढवणाऱ्यांची, कारण मॅगझीनमधली स्प्रिंग जुनीच ठेवतात. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन पुढे येईपर्यंत गोळ्यांची सगळी चवड वर ढकलायची असते, ते त्या बिचारीला जमत नाही आणि बोल मात्र पिस्तुलाला! बाकी मॅगझीन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते ही भीती बऱ्यापैकी फुकाची, चांगली स्प्रिंग जास्त झिजते ती सारखं भरून रिकामं केल्याने.

तीन नंबर मी टाकून नाही दिलं. लाल पट्टी मारून अडकलेलं पिस्तूल मोकळं करायच्या सरावाला ठेवलंय, त्या कामाला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही.

आपला,
एक हौशी नेमबाज